एका रात्रीची झेप आणि पायातले कडे

वाचकहो, मार्च सरत आला की आपापल्या गावाजवळच्या तळ्यांवरची गर्दी ओसरू लागते. वडोदऱ्याजवळ सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या वढवाणा तलावावरची बदके आणि पट्टकादंब हंस, इंदूरच्या होळकरकालीन सिरपूर तलावावरची पाणपाखरे, बेळगाव भागात जोंधळ्याच्या कणसांवर तुटून पडणाऱ्या भोरड्या, गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावरचे थवे ही सारी मंडळी एक दिवस असतात आणि बघता बघता दिसेनाशी होतात. ‘पाहुणे गेले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ते गेले कुठे, कोणत्या वाटेने आणि किती दिवसांत पोचले, हे विचारले तर आपल्यापाशी उत्तर नसते.

उत्तर नसण्यात आपला दोष नाही. पक्ष्यांचे स्थलांतर ही केवळ डोळ्यांनी कळणारी गोष्ट नव्हे. आयुष्यभर बारकाईने पाहणाऱ्या माणसालाही तिने चकवले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी मी आपल्याला उत्तर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर नेणार आहे आणि चिमणीएवढ्या एका पक्ष्याची हकीगत सांगणार आहे. या हकीगतीचे दुसरे टोक आपल्याच तळ्याकाठच्या पाणकणसात आहे.

त्या बेटाचे नाव हेलिगोलंड. जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला हा तांबड्या वालुकाश्माचा कडा. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर आहे आणि शेजारी वाळूचे एक धाकटे बेट आहे. १८०७ पासून हे बेट इंग्रजांकडे होते. १८९० मध्ये झांझिबारबाबतच्या करारात इंग्रजांनी ते जर्मनीला देऊन टाकले. नकाशावर शोधावे लागणारे हे ठिकाण पक्षिशास्त्राच्या इतिहासात मात्र फार मोठे आहे.

याचे कारण बेटाच्या जागेत आहे. लहान पक्षी बहुतांशी रात्री प्रवास करतात. रात्री हवा थंड व शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. वसंतात दक्षिणेकडून नॉर्वे-स्वीडनकडे निघालेले असे असंख्य पक्षी उत्तर समुद्र ओलांडतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असेल तर ते बेटावरून तसेच पुढे जातात. खाली असलेल्या माणसाला फार तर अंधारातून त्यांचे बारीक आवाज ऐकू येतात. पण मध्येच धुके आले, पाऊस लागला किंवा वारा फिरला, की पाण्यावर अडकलेल्या पक्ष्याला पाय टेकायला एवढीच जमीन मिळते. अशा पहाटे प्रत्येक झुडूप, प्रत्येक कुंपण आणि परसातला प्रत्येक वाफा पाखरांनी भरलेला असतो. दीपगृहाचा प्रकाशही धुक्याच्या रात्री त्यांना ओढून घेतो.

१८३७ साली हाइनरिश गेट्के नावाचा एक तरुण चित्रकार समुद्राची चित्रे काढण्यासाठी या बेटावर आला आणि तिथलाच झाला. पुढे तो इंग्रज गव्हर्नरचा सचिवही झाला. पन्नासहून अधिक वर्षे त्याने बेटावर उतरणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवली आणि १८९१ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच जागी इतकी वर्षे बसून स्थलांतराकडे पाहणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस त्या काळी क्वचितच असेल.

याच ग्रंथात तांबड्या ठिपक्याच्या शंकराबद्दल त्याने एक विलक्षण विधान केले. शंकर हे आपल्याकडच्या पक्षिमित्रांनी वापरात आणलेले नाव. नराचा कंठ गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधोमध, उत्तरेकडच्या जातकुळीत, तांबूस ठिपका. गेट्केला हा पक्षी मे महिन्यात पहाटे बेटावर भेटे. हिवाळ्यात तो इजिप्तमध्ये असल्याचे त्याला ठाऊक होते. मधल्या मुलखांतून मात्र वसंतात त्याच्या फारशा बातम्या येत नव्हत्या. यावरून गेट्केने हिशेब मांडला की हा पक्षी संध्याकाळी नाईलच्या काठाहून निघतो, मध्ये कुठेही न थांबता उडतो आणि पहाटे हेलिगोलंडला पोचतो. अंतर अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आणि रात्र नऊ तासांची. म्हणजे वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास!

आज आपण यावर हसू, पण हसण्यापूर्वी जरा थांबू या. गेट्केने पाहिलेले काहीही खोटे नव्हते. पक्षी पहाटे आला हे खरे, इजिप्तमध्ये शंकर असतात हे खरे आणि मधून बातमी येत नाही हेही खरे. चूक झाली ती या तीन खऱ्या गोष्टी जोडताना. इजिप्तमध्ये दिसलेला पक्षी आणि हेलिगोलंडला दिसलेला पक्षी एकच, हे त्याने गृहीत धरले. मधून बातमी नाही म्हणजे तिथे पक्षीच नाही, हेही गृहीत धरले. शंकर हा दाट गवतात आणि दलदलीच्या काठाने दडून वावरणारा पक्षी आहे. त्याला शोधणारे कोणी नसेल तर तो असूनही नसल्यासारखाच. आणि एक शंकर दुसऱ्यासारखाच दिसत असल्याने कुठला कुठून आला, हे सांगण्याची सोय डोळ्यांपाशी नव्हती.

ही सोय करून दिली डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तराने. विबॉर्ग गावच्या हान्स क्रिस्टियन मोर्टेन्सन यांनी आधी जस्ताची कडी करून पाहिली, पण ती जड झाली. मग १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी कडी साळुंकीच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांच्या पायात घातली. प्रत्येक कड्यावर अंक आणि पत्ता कोरलेला होता. तान्ह्या मुलाच्या पायात वाळा घालावा तसा हा प्रकार; फरक इतकाच की या वाळ्यावर नाव-गाव लिहिलेले. पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागला तर त्याने पत्त्यावर कळवावे, एवढीच अपेक्षा. या एका युक्तीने पक्ष्यांच्या गर्दीतला एकेक पक्षी ओळखीचा झाला.

हेलिगोलंडवर १९१० मध्ये हुगो वायगोल्ड यांच्या देखरेखीखाली पक्षिनिरीक्षण केंद्राचे काम रीतसर सुरू झाले. पण कडे घालायचे तर पक्षी जिवंत आणि इजा न होता हाती यायला हवा. मोठ्या संख्येने असे पक्षी धरायचे कसे, हा प्रश्न होता. याचे उत्तर वायगोल्ड यांना बेटावरच्या लोकांच्या स्वयंपाकघराने दिले, असे म्हटले तरी चालेल. बेटावर झाडे जवळजवळ नव्हती, आणि कस्तूर पक्षी तर झुडपात दडायला बघतात. हे ओळखून तिथले लोक काटक्या रोवून कृत्रिम झुडपांची रांग करत, तिला एका बाजूने तिरपे जाळे लावत आणि आत शिरलेल्या कस्तुरांना हाकलून जाळ्यात घालत. ते कस्तूर मग चुलीवर जात.

वायगोल्ड यांनी हीच कल्पना उचलून मोठी केली. खरीखुरी झुडपे लावली, त्यांवर तारेच्या जाळीचा प्रचंड मांडव घातला. तोंडाशी रुंद आणि आत जाता जाता निमुळता होत जाणारा, नरसाळे आडवे ठेवावे तसा. शेवटी काच लावलेली एक पेटी. पक्षी उजेडाच्या दिशेने जातो आणि पेटीत अलगद सापडतो. आज जगभर या सापळ्याला हेलिगोलंड सापळा असेच म्हणतात. बेटाच्या पठारावरच्या ज्या बागेत हे सापळे आहेत, तिथे पाण्याचे डबकेही मुद्दाम राखले आहे, कारण समुद्र ओलांडून आलेल्या पाखराला पहिली ओढ गोड्या पाण्याची असते.

वसंतातल्या कामाचा क्रम साधा असतो. माणसे दिवसातून अनेकदा ठरल्या मार्गाने झुडपांतून हळूहळू चालत जातात आणि पक्षी पुढे पुढे सरकत पेटीत जातात. तिथून एकेकाला कापडी पिशवीत घेतात, कारण अंधारात पाखरू शांत राहते. मग जात, नर की मादी आणि वय पाहतात. पायाच्या जाडीनुसार कडे निवडून खास पकडीने ते बंद करतात. ते पायावर सैल फिरले पाहिजे, पण निसटता कामा नये. पंखाची लांबी मोजतात, वजन करतात. छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर घालून कातडीखालची पिवळसर चरबी किती आहे ते बघतात. चरबी हे पाखराचे इंधन. ती भरपूर असेल तर ते आज रात्री पुढे जाऊ शकेल, संपली असेल तर त्याला काही दिवस थांबून खावे लागेल. एवढे करून काही मिनिटांत पाखरू मोकळे.

वसंतातल्या प्रवासाची एक खूण या नोंदींतून ठळक होते. पक्षी परतीच्या वाटेवर घाईत असतात. आधी पोचेल त्याला घरट्यासाठी चांगली जागा मिळते. म्हणून बहुतेक जातींत नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी. पण घाई असली तरी शरीराला मर्यादा आहे. शंकराएवढा पक्षी स्थिर हवेत तासाला तीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने जातो. एका रात्रीत तीन-चारशे किलोमीटर झाले तरी खूप. त्यानंतर चरबी पुन्हा साठवायला त्याला कुठे तरी काठाकाठाने किडे वेचत थांबावेच लागते. गेट्केची एका रात्रीची झेप अशा रीतीने आठवड्यांच्या, टप्प्याटप्प्यांच्या वाटचालीत उलगडली.

पण कड्याचे काम एका हाताने होत नाही. कडे घालणारा एक आणि ते सापडल्यावर कळवणारा दुसरा, अशी दोन माणसे लागतात. ती बहुधा एकमेकांना कधी भेटत नाहीत आणि पुष्कळदा एकमेकांची भाषाही जाणत नाहीत. लहान पक्ष्यांच्या बाबतीत शंभर कड्यांमागे एकाचीही बातमी परत येईल याची खात्री नसते. म्हणून एका पत्राचे मोल मोठे. कोणी कोळी, कोणी शेतकरी, मांजराने आणलेले मेलेले पाखरू उचलणारी कोणी गृहिणी यांनी कड्यावरचा अंक पत्त्यावर कळवला, म्हणून स्थलांतराचे नकाशे काढता आले.

दुसरी गरज सातत्याची. एका दिवसाची मोजणी फारसे काही सांगत नाही. वारा फिरला तर आज हजार पक्षी आणि उद्या दहा. पण तीच बाग, तेच सापळे, तीच चालण्याची पद्धत दरवर्षी ठेवली तर हवेची लहर वर्षांच्या गर्दीत विरून जाते आणि खरा बदल उरतो. हे सातत्य या बेटाला सहज लाभलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या एप्रिलात, बेटावर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला आणि रहिवाशांना बेट सोडावे लागले. १९४७ मध्ये इंग्रजांनी तिथली लष्करी बांधकामे उडवण्यासाठी सुमारे ६,७०० टन स्फोटके एकदम पेटवली. १९५२ मध्ये बेट जर्मनीला परत मिळाले आणि १९५३ पासून केंद्राचे काम तिथे पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांतही पक्षी येतच राहिले असणार, पण त्यांची नोंद घेणारे कोणी नव्हते. ती वर्षे आता कोणालाही भरून काढता येणार नाहीत.

त्यानंतरच्या नोंदींनी मात्र एक गंभीर गोष्ट दाखवली. १९६० ते २००० या चाळीस वर्षांतल्या वसंताचा अभ्यास करताना चोवीस जातींच्या आगमनाचा सरासरी दिवस काढला गेला. जवळजवळ सगळ्यांचाच तो दिवस दरवर्षी ०.०५ ते ०.२८ दिवसांनी अलीकडे आला होता. म्हणजे चाळीस वर्षांत दोन ते अकरा दिवस. एका माणसाच्या आठवणीत न मावणारा हा बदल कड्यांच्या वह्यांत मावला. उत्तरेत वसंत लवकर फुलू लागला, तर पिलांना लागणाऱ्या अळ्याही लवकर निघतात. दूर दक्षिणेत असलेल्या पक्ष्याला तिकडची हवा कळत नाही. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातल्या घड्याळाच्या आज्ञेने तो निघतो. हे गणित चुकले तर पिले उपाशी राहण्याचा धोका आहे.

आता हेलिगोलंडहून आपण घराकडे वळू. १९२९-३० च्या सुमारास मुंबईचा एक तिशीतला माणूस बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेला आणि त्या मुक्कामात हेलिगोलंडला जाऊन कडी घालण्याचे काम प्रत्यक्ष शिकून आला. ते म्हणजे सालिम अली. आपल्या देशात या कामाची सुरुवात त्याआधीच झाली होती आणि तिचा मान मराठी माणसांना जवळचा वाटावा असा आहे. धारच्या पवारांच्या संस्थानात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रानबदकांना कडी घालण्यात आली.

मोठ्या प्रमाणावर काम उभे राहिले ते १९५९ नंतर, आणि त्याचे निमित्त एक रोग होता. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये एक नवा ताप आढळला. त्याचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. स्थलांतर करणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आणत असतील का, अशी शंका आली. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम हाती घेतली. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड शिफरली त्यासाठी मदतीला आले. कच्छ, भरतपूर, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचे कोडियक्करै अशा ठिकाणी लाखावारी पक्ष्यांना ‘मुंबईला कळवा’ असे इंग्रजीत सांगणारी कडी घातली गेली. पक्षी धरायला सोसायटीने आणले ते बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पाखरे पकडून जगणारे लोक. हेलिगोलंडवरच्या कस्तुरांच्या जाळ्याचे झाले तेच इथेही झाले. पाखरू मारण्यासाठी कमावलेली हातोटी त्याला ओळख देण्याच्या कामी आली.

आणि तो शंकर? गेली काही वर्षे पक्ष्याच्या पाठीवर एक ग्रॅमहून हलके, प्रकाश टिपणारे एक उपकरण बांधता येते. ते रोज सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला याची नोंद ठेवते. दिवस किती मोठा, यावरून अक्षांश मिळतो. मध्यान्ह केव्हा झाली, यावरून रेखांश. मात्र नोंद वाचायला तोच पक्षी पुढल्या वर्षी पुन्हा धरावा लागतो, म्हणजे इथेही पायातले कडेच उपयोगी पडते. नॉर्वेत वीण करणाऱ्या तांबड्या ठिपक्याच्या शंकरांवर अशी उपकरणे लावली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कळले की ते हिवाळा इजिप्तमध्ये नव्हे, तर भारतीय उपखंडात काढतात. हेलिगोलंडवर उतरणारा प्रत्येक शंकर आपल्याकडूनच जातो असे यावरून म्हणता येणार नाही. पण गेट्के ज्याचे गाव नाईलच्या काठी शोधत होता, त्याच्या भाऊबंदांचे हिवाळ्याचे बिऱ्हाड आपल्या दारात आहे, एवढे नक्की.

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांना ही गोष्ट चटकन उमजावी. दोन मुलखांत पाय असलेल्या कुटुंबाची हकीगत एकाच गावात बसून पुरती कळत नाही. दोन्हीकडची कागदपत्रे लागतात. शंकराचेही तसेच आहे. इकडच्या तळ्याकाठचे पाणकणीस कापून तिथे भिंत घातली, तर त्या पाखराला प्रवासापुरती चरबी साठवायला जागा उरत नाही. नॉर्वेतल्या माणसाला फक्त यंदा शंकर कमी आले एवढेच दिसेल. का कमी आले, याचे उत्तर आपल्या गावात असेल आणि आपण ते लिहून ठेवले नसेल तर ते कोणालाच कळणार नाही.

म्हणून, वाचकहो, एक साधी विनंती. येत्या हिवाळ्यात आपल्या जवळच्या तळ्याकाठी सकाळी थोडा वेळ उभे राहा. पाणकणसाच्या बुंध्याशी शेपटी झटकत पळणारा करडा-तपकिरी पक्षी दिसला, शेपटीच्या मुळाशी तांबूस रंग चमकला, तर तारीख आणि जागा वहीत लिहा. मार्च-एप्रिलमध्ये तो शेवटचा कधी दिसला, तेही लिहा. पायात कडे असलेला कोणताही पक्षी मेलेला आढळला तर कड्यावरचा अंक आणि मजकूर उतरवून घ्या, छायाचित्र काढा आणि कुठे व केव्हा सापडला हे मुंबईच्या सोसायटीला कळवा. पक्षी जिवंत असेल तर कडे काढू नका. अंक वाचता आला तर वाचा आणि त्याला जाऊ द्या. त्याच्या पायातल्या अंकाची वाट पाहणारा माणूस दूर कुठे तरी वही उघडून बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ अर्धीच नोंद असते.